चिऱ्याच्या जुन्या मांगराचं होमस्टे करायचंय? मग आधी ओल बघा

गावच्या बागेत आजोबांच्या काळातला चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, मांगर पडून आहे, गुरं कधीच गेली, आत पेंढ्याच्या जागी मोडक्या खुर्च्या, फुटकी पिंपं आणि कुठल्या तरी निवडणुकीचे फ्लेक्स, आणि दिवाळीला आलेलं कोणीतरी चहा पिता पिता म्हणतं "अरे याचं काय भारी होमस्टे होईल". सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून ही चर्चा चालूच आहे, हल्ली जरा जास्त. होतं का? होतं. छान होतं. पण मांगर म्हणजे घर नव्हे हे डोक्यात पक्कं ठेवून कामाला लागायचं. तो गुरांसाठी, गवतासाठी, औतं-अवजारांसाठी बांधलेला असतो, वारा आरपार जायला मोकळा, जमीन उतरती, जोतं ठेंगणं, आणि त्याच्या भिंतींनी चाळीस-पन्नास वर्षं गुरांचं मूत प्यायलेलं असतं. त्यामुळे घराच्या रिनोव्हेशनचे व्हिडिओ बघून इथे काम केलं तर दुसऱ्या पावसाळ्यात प्लास्टर हातात येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं तर पुढे वाचा: सगळ्यात आधी पाण्याचा आणि ओलीचा बंदोबस्त, मग छप्पर, मग सोयी, आणि शोभा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात, आधी बाथरूमच्या टाइल्स सिलेक्ट करून ठेवतात.

कागद

हे कंटाळवाणं आहे पण इथेच गाडी अडते, म्हणून पटकन. सातबारा काढा आणि नावं मोजा. कोकणात सामायिक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं काही नवल नाही, त्यातली निम्मी माणसं वारलेली, दोन आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ कुठे आहे कोणाला माहीत नाही. आधी वारस नोंदी करून घ्या, मग ज्यांना हिस्सा नकोय त्यांच्याकडून रजिस्टर्ड हक्कसोडपत्र. "आपलंच आहे रे, कर तू" हे काका गणपतीत म्हणाले म्हणजे संमती झाली असं नाही, कारण होमस्टे चालायला लागला की तेच काका पुढच्या गणपतीत हिशोब विचारतात.

दुसरं, ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे आपण ज्याला असेसमेंट म्हणतो तो. त्यात ही इमारत काय म्हणून लागलीय ते बघा. गोठा म्हणून नोंद असेल तर ती घर होत नाही नुसती आपण पलंग टाकले म्हणून. मांगर शेतजमिनीत असेल तर शेतीच्या कामासाठी त्याला वेगळी बिनशेती लागत नव्हती, पण राहायला आणि धंद्याला वापरायचा म्हटलं की वापर बदलला. जागा गावठाणात असेल तर सुटलात, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर बिनशेतीचा रस्ता बराच सोपा असतो, त्याही पलीकडे असेल तर तहसीलला जाऊन नीट विचारा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल ते, एवढा पट्टा त्यात येतो. तिथे अधिकृत असलेल्या जुन्या बांधकामाची दुरुस्ती जोतं न वाढवता करता येते. इथे परत तोच नमुना ८ कामाला येतो, बांधकाम जुनं आणि नोंदलेलं आहे हे दाखवायला. एक काम मात्र आजच करा, काहीही तोडायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, जोत्याची मापं टेप धरून.

आणि रस्ता. मांगर बागेत आत असतो, पाणंद बैलगाडीपुरती, नाहीतर दुसऱ्याच्या जागेतून वाट. इतके दिवस कोणी काही बोललं नाही कारण तुम्ही चालत जात होतात, पाहुण्यांच्या गाड्या जायला लागल्या की गडगा (दगडी कुंपण) एक फूट पुढे सरकतो. वाटेचा हक्क लेखी घ्या.

मे महिन्यात विहिरीत डोकावा

पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली बघून कोणीही निर्णय घेऊ नये. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला तर सात हजारांच्या वर, आणि तरी मे महिन्यात वाड्या-वाड्यांत पाण्याची बोंब असते, कारण कातळावर पडलेलं पाणी तासाभरात व्हाळात (ओढ्यात) आणि तिथून समुद्रात. पाहुणे येणार कधी? दिवाळी, नाताळ आणि मे. आणि समुद्रावरून आलेला माणूस आंघोळ करतो ती दोनदा करतो. त्यामुळे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात विहिरीत पाणी किती राहतं, पंप किती वेळ चालला की फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, हे बघा आणि त्यावर खोल्या किती करायच्या ते ठरवा. पाणी दोन खोल्यांचं असेल तर मांगर कितीही मोठा असो, दोनच खोल्या.

ओल, लोणा आणि जमीन

आता मुख्य. मांगरात जा, गव्हाणीच्या मागची भिंत बघा, खालून दोन-तीन फुटांपर्यंत चिऱ्यावर पांढरी पावडर दिसेल, बोटाला लागते, जिभेला लावली तर खारट (लावू नका, मी सांगतोय ना). हा लोणा. गुरांच्या मुतातला नायट्रोजन मातीत कुजून नायट्रेटचे क्षार बनतात, ते पाण्याबरोबर जांभ्यात वर चढतात आणि पाणी सुकलं की पृष्ठभागावर येऊन फुलतात. फुलताना चिऱ्याचा पापुद्रा सोलून काढतात. शिवाय हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात, म्हणजे वरून गळती नाही, खालून ओल नाही, तरी जुलैमध्ये ती भिंत घामेजलेली राहणार. म्हणून लोणा दिसतो तो पाऊस संपून भिंत सुकायला लागल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मांगराची खरी तपासणी करायची तर तेव्हा करा. एप्रिलमध्ये सगळेच मांगर सुंदर दिसतात.

यावर सिमेंट प्लास्टर मारलं की काय होतं? सिमेंट क्षारांना आणि पाण्याला बाहेर येऊ देत नाही, मग ते आत साठतात, प्लास्टरच्या वरच्या कडेने आणखी दोन फूट वर चढतात, आणि एक दिवस प्लास्टरचा पोपडा सुटतो तो चिऱ्याचा अर्धा इंच घेऊनच. वॉटरप्रूफिंगचा पेंट, टाइल्स, लाकडी पॅनेल सगळ्याचं तेच. झाकलेली ओल कुठे जात नाही.

करायचं काय ते क्रमाने. भिंतीला पाणी न लावता कोरड्या ताठ ब्रशने लोणा झाडायचा, खाली पडलेली पावडर गोळा करून बाहेर, तिथेच ठेवली तर परत आत जाते. भिंत पाइप लावून धुवायची नाही, धुतली की क्षार विरघळून आत. जिथे फार आहे तिथे कागदाचा लगदा आणि बारीक माती पाण्यात कालवून अर्धा-पाऊण इंचाचा लेप थापायचा, पूर्ण सुकू द्यायचा, सुकता सुकता तो क्षार ओढतो, मग सोलून फेकायचा. असं दोन-तीन वेळा. वेळखाऊ आहे, गवंड्याला हे काम म्हणजे चेष्टा वाटते, त्यामुळे शक्यतो स्वतः करा.

मग जमीन. वरची फूटभर माती तरी काढावीच लागते, ती मुतात भिजलेली असते आणि पहिल्या पावसात तिचा वास सगळ्या पाहुण्यांना आठवणीत राहील असा येतो. ही माती फेकू नका, माडांच्या आणि पोफळीच्या आळ्यात घाला, फुकटचं खत आहे. पण खणायच्या आधी भिंतीला लागून एका ठिकाणी छोटा खड्डा मारून पाया कुठपर्यंत आहे ते बघा. मांगरांचे पाये उथळ असतात, कधी कधी कातळ लागला की तिथूनच भिंत उचललेली असते, तर कधी दीड फुटावरच पाया संपतो. पायाच्या तळाखाली कुदळ जाता कामा नये, आणि सगळी जमीन एकदम उघडी करायची नाही, तीन-चार फुटांचे पट्टे घेत जायचं. जेसीबी आत घालायचा मोह टाळा. ड्रायव्हर म्हणेल दोन तासांचं काम आहे, आणि खरंच दोन तासांत तो भिंत पण पाडून देतो.

खणून झालं की वाळवीचं औषध (विहीर जवळ असेल तर अंतर आणि औषध दोन्ही नीट विचारून, हे पाण्यात गेलं तर महागात पडेल), मग दगडाचं सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर कोबा. भिंतीच्या कडेने मात्र चार-सहा इंचांची पट्टी कोब्याशिवाय सोडून तिथे चुना-खडी भरा, म्हणजे कोब्याखालची ओल सगळीच्या सगळी भिंतीत न जाता या पट्टीतून बाहेर पडेल.

मांगराची एक गोष्ट फार हुशारीने केलेली असते. जमीन मुद्दाम गव्हाणीपासून मागच्या भिंतीकडे उतरती, आणि भिंतीच्या बुडाशी एका चिऱ्यात हाताएवढं भोक, मूत बाहेर जायला. ते भोक बुजवू नका. बाथरूमचं आणि बेसिनचं पाणी काढायला तीच जागा वापरा, पाइप तिथूनच जातो, उतारही तयार आहे, भिंत फोडायला लागत नाही.

बाहेरच्या बाजूला तर बऱ्याचदा निम्मा प्रश्न असतो. वर्षानुवर्षं पालापाचोळा, शेण, माती साठून बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलेली असते, म्हणजे भिंत चक्क मातीत उभी. ती माती काढून बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा सहा-नऊ इंच तरी खाली आणा, भिंतीपासून थोडं सोडून फूटभर रुंदीचा चर मारा, त्यात मोठी खडी भरा आणि चराला उतार द्या व्हाळाकडे किंवा बागेकडे. हे एवढं केलं तरी दुसऱ्या वर्षी भिंत ओळखू येत नाही. खर्च? दोन गड्यांची मजुरी.

भिंती

जुना मांगर मातीत बांधलेला असतो, म्हणजे चिऱ्यांच्या मध्ये सिमेंट नाही, लाल माती. पावसाने ती बाहेरून धुपून गेलेली असते आणि त्या फटींत पाली, विंचू आणि अधूनमधून फुरसं, म्हणजे विषारी साप. पाहुण्यांच्या दृष्टीने फटी भरणं हे सौंदर्याचं काम नाही, सुरक्षेचं आहे. सांध्यांतली सुटी माती इंच-दीड इंच खरवडून चुन्याने भरा. सिमेंटने नको, सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक, मग पाऊस-उन्हाचा सगळा त्रास चिरा सोसतो आणि सांधे तसेच, चिरा झिजून खोल गेलेला अशा भिंती तुम्ही बघितल्या असतील.

चुना आयत्या वेळी पिशवीतून काढून कालवायचा नाही. कळीचा चुना पाण्यात विझवून पिंपात दोन-तीन आठवडे तरी पाण्याखाली मुरू द्यायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. विझवताना तो उकळतो आणि उडतो, डोळ्याला गॉगल लावाच. प्रमाण साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू, खालच्या ओलसर भागात थोडी सुरखी म्हणजे विटेची पूड. वाळू खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, नाहीतर एवढं सगळं करून तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीत मीठ भरताय. केल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवायचं, भर उन्हात सुकवायचं नाही.

चिरा उघडा ठेवायचा का? बाहेरून जरूर. आतून एखादी भिंत. चारही भिंती लाल ठेवल्या तर खोली दिवसा पण अंधारी होते, आणि जांभ्याची भुकटी रोज पलंगावर पडते. बाकीच्यांना चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. आणि कृपा करून तो चकचकीत क्लिअर कोट मारू नका, हल्ली प्रत्येक रिसॉर्टात चिरा असा पॉलिश केलेला दिसतो, फोटोत ओला-ओला मस्त दिसतो, पण भिंतीचं तोंड बंद होतं आणि आतल्या ओलीने तो कोट पापुद्र्यासकट निघतो.

नवीन चिरा लागलाच तर बघून घ्या. पांढरी शेडी असलेला, मऊ, नखाने उकरला जाणारा चिरा घेऊ नका. खाणीतून काढल्यावर जांभा हवेत राहून कडक होतो त्यामुळे काढला आणि लगेच लावला असं नको, थोडे दिवस पडू द्या. जुन्या भिंतीत मशीनचा गुळगुळीत चिरा ठिगळासारखा दिसतो, त्यापेक्षा कुठे जुनं घर पाडत असतील तर तिथले हाताने घडवलेले, टाकीचे घाव दिसणारे चिरे मिळतात का बघा.

खिडकी नवीन पाडायची असेल तर कोपऱ्यापासून तीन फूट तरी सोडा, आधी वरची भिंत टेकू देऊन धरा, वर लिंटेल टाका ज्याची टोकं दोन्हीकडे नऊ इंच तरी भिंतीत बसतील, आणि मगच खालचं काढा. मातीतली भिंत आहे ती, भसकन येते. शक्यतो समोरची जी गुरांची मोठी वाट असते तिलाच काचेचा दरवाजा करा, उजेड तिथूनच भरपूर येतो. नैऋत्येला मोठी काच ठेवायची हौस असेल तर जूनमध्ये तिथे झड कशी आपटते ते एकदा उभं राहून बघा, मग ठरवा. वरचे झरोके ठेवाच, फक्त स्टीलची बारीक जाळी मारून.

छप्पर

छप्पर उतरवायचं ते तुळशीचं लग्न झाल्यावर, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत परत चढलेलं पाहिजे. मृगाची वाट बघत बसू नका, वळवाचा पाऊस विचारून येत नाही. आणि शिमग्यात कामगार मिळणार नाहीत हे धरूनच चला, पंधरा दिवस गेले.

लाकूड सगळं फेकून लोखंडी पाइप घालायचा सल्ला प्रत्येक जण देईल. आधी एखाद्या जुन्या सुताराला आणून प्रत्येक वासा टोकाला आणि भिंतीत घुसतो तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, कुजतो तो तिथेच, मध्ये सहसा ठणठणीत असतो. आमच्याकडचे सुतारकाका वाशावर बसून मला म्हणाले, "बाबू, ह्यो वासो किंजळीचो आसा, तुझ्या नातवांकय पुरतलो. कित्याक काढतस?" मी म्हटलं, "पण काका, टोक कुसला हा." तर म्हणाले, "मगे टोक बदलूया, वासो कित्याक?" आणि खरंच दोन फूट कापून नवीन तुकडा तिरका सांधा करून बोल्टने जोडला. किंजळ, ऐन, फणस, सागवान असेल तर जपा, आज तसं लाकूड विकत घ्यायला गेलात तर कळेल. वाळवीसाठी आपल्याकडचं काजूच्या टरफलांचं तेल चांगलं, होड्यांना लावतात तेच, पण हातमोजे घालून, कातडीवर पडलं तर फोड येतात. आणि पाहुणे येण्याच्या बऱ्याच आधी लावा, वास जायला वेळ लागतो.

वारा विसरू नका. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ देवगड-मालवण-वेंगुर्ल्याला ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. मांगराचं छप्पर नुसतं भिंतीवर टेकवलेलं असतं, स्वतःच्या वजनावर बसलेलं. छप्पर उतरलेलं असतानाच भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घालून घ्या, त्यात बोल्ट सोडा आणि वासे त्याला पट्टीने आवळा. हा पट्टा भिंतींना पण एकत्र धरतो, भूकंपाचा हादरा बसला तरी त्याचा उपयोग. भिंतींच्या कामात सिमेंट काँक्रीट वापरायची एकच जागा मला पटते ती ही.

कौलं जुनी मंगलोरी असतील तर एकेक वाजवून बघा, खणखणीत वाजली ती ठेवा. बासेल मिशनने १८६५ ला मंगलोरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली, आणि जुन्या कौलावर छाप असेल तर ते दर्शनी बाजूला लावा, पाहुण्यांना फोटो काढायला आवडतं. नुसत्या कौलांखाली झोपायला रोमँटिक वाटतं पण झडीच्या पावसात बारीक फवारा आत येतो, एप्रिलमध्ये तापतं, आणि वानरं उड्या मारून फोडतात ते वेगळंच. त्यामुळे वाशांवर फळ्या किंवा सिमेंट बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफ शीट, त्यावर पाण्याच्या उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि मग कौलं. उभ्या पट्ट्या विसरायच्या नाहीत, त्यांच्यामुळे कौलाखाली आलेलं पाणी वाहून जातं आणि गरम हवा वर सरकते. दोन-चार काचेची कौलं टाका. पाख्याची पागोळी भिंतीपासून अडीच-तीन फूट लांब पडली पाहिजे.

पेंढ्याचा माळा असेल तर त्यावर बेडरूम करायची आयडिया सगळ्यांनाच येते. डोकं आपटत नसेल तर करा, डिसेंबरात भारी वाटतं. पण ती खोली मे महिन्यात एक्स्ट्रा बेड म्हणून विकू नका, रात्री अकरापर्यंत तिथे भट्टी असते.

सोयी, थोडक्यात

बाथरूम मूळ मांगराच्या आत घेऊ नका. मागच्या बाजूला पडवीसारखं उतरतं छप्पर काढून तिथे नवीन बांधा, म्हणजे रोजचं पाणी जुन्या चिऱ्यापासून लांब. (सीआरझेडमध्ये असाल तर जोतं वाढतं, तिथे आतच कोपऱ्यात घ्यावं लागेल, मग जुन्या भिंतीपासून हात-दीड हात सोडून वेगळी भिंत उभी करा.) सेप्टिक टँक विहिरीपासून १५ मीटर तरी लांब, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. जांभा चाळणीसारखा असतो, वरच्या अंगाला टाकी म्हणजे सगळं विहिरीत.

वायरिंग भिंतीवरून पाइपातून दिसेल असं न्या, चिऱ्यात झिऱ्या मारत बसू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची सवय ठेवा, कोरडा जांभा अर्थिंग नीट देत नाही, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, लावाच. वीज जाते त्यामुळे पंखे आणि दिव्यांपुरता इन्व्हर्टर. एसी लावायचाच असेल तर एका खोलीला, आधी त्या खोलीचं छत आतून बंद करून.

खाली शहाबादी, कोटा किंवा नुसता घोटलेला कोबा. चकाचक व्हिट्रिफाइड नको, समुद्रावरून ओल्या पायांनी वाळूसकट आलेला माणूस त्यावर आडवा होतो. एक गव्हाण तशीच ठेवून तिचा ओटा किंवा बसायची जागा करा, खुंटे ठेवा टॉवेल अडकवायला. बाकी बैलगाडीचं चाक भिंतीला, कंदिलात एलईडी, नांगराचं टेबल हे सगळं माझ्या मते अति होतं, पण पाहुण्यांना आवडतं म्हणतात, बघा बुवा.

नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणून होते, स्वतःची बागायत असेल तर २०२० चं कृषी पर्यटन धोरण पण वाचून घ्या. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी, आणि परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, तो गोव्याहून एका रात्रीसाठी आला असला तरी.

पहिला पावसाळा आणि दरवर्षीची शाकारणी

सगळं झालं तरी आतला शेवटचा गिलावा लगेच करू नका. पहिला पावसाळा मांगर तसाच जाऊ द्या, पाहुणे न घेता, कोणीतरी आठवड्याला जाऊन दारं उघडून वारा लागेल असं बघेल. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली तिथे खडूने रेघ आणि तारीख, दर पंधरा दिवसांनी. रेघा जिथे वर वर जातायत तिथे बाहेरचा चर बघा, जिथे वरून खाली येतायत तिथे कौल बघा. नोव्हेंबरात लोणा परत थोडा फुलेल, झाडून टाका. खालच्या तीन फुटांचा चुना तर चार-पाच वर्षांनी खरवडून नवीन करायचाच असतो असं समजा, तो क्षार प्यायलाच लावलेला असतो.

आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात बुकिंग बंद. शाकारणी तेव्हाच होते, फुटकी कौलं बदलायची, पन्हाळीतला पाला काढायचा, चर साफ करायचा, आणि गावातला कौलं चढणारा माणूस एकच असतो ज्याला त्याच आठवड्यात सगळी वाडी बोलावत असते. त्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा, जमलं तर आगाऊ पैसे देऊन. पाहुण्यांना नाही म्हणता येतं, त्याला नाही.